शिल्पदालनात फोटो काढताना: गर्दी, मंद उजेड आणि उभं राहण्याची जागा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात शिल्पांचं दालन तळमजल्यावर आहे. त्यामुळे शाळेच्या सहली, सुट्टीत आलेली कुटुंबं, परदेशी पाहुण्यांचे गट, सगळे तिकीट काढून आधी तिथेच शिरतात. दिवे असतात, पण ते मूर्तीवर कुठेतरी वरून सोडलेले. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉड चालत नाही, आणि समोर कोणी ना कोणी उभं असतंच. नवख्या माणसाला वाटतं की आपला मोबाइल कमी पडतोय, आता चांगला कॅमेरा घ्यायला हवा.

माझ्या मते इथे फोटो फसतो तो बहुतेक वेळा उभं राहण्याच्या जागेमुळे. दिवा हलवता येत नाही, मूर्ती हलवता येत नाही, गर्दीही आपल्या सांगण्याने हलत नाही. हलायचं असतं ते आपल्याला. जागा सापडली की कॅमेऱ्याचे आकडे बसवणं सोपं असतं, म्हणून खाली जागेबद्दल जास्त लिहिलं आहे आणि यंत्राबद्दल गरजेपुरतं. बहुतेक उदाहरणं याच संग्रहालयातली घेतली आहेत. इतर ठिकाणीही रीत तीच.

आधी घरी एक संध्याकाळ

दालनात जाण्यापूर्वी घरातली एखादी मूर्ती घ्या. पितळेचा बाळकृष्ण, शाडूचा गणपती, काहीही चालेल. खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च मूर्तीच्या अगदी समोर, तुमच्या कपाळाजवळ धरा आणि नीट बघा. सोंड, पोट, हात सगळं एका पातळीवर आल्यासारखं दिसेल. आता टॉर्च हळूहळू डावीकडे न्या, मूर्तीच्या डोक्याच्या थोडा वर ठेवून. सोंडेची सावली पोटावर पडायला लागते, बोटं एकमेकांपासून सुटी होतात, मुकुटावरचं काम वर येतं. टॉर्च आणखी बाजूला नेला की अर्धा चेहरा काळोखात जातो. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी असते की खोली दिसते आणि चेहराही हरवत नाही. तीच आपल्याला दालनात शोधायची आहे. फरक इतकाच की तिथे टॉर्च जागेवर राहणार आणि तुम्ही फिरणार.

फ्लॅश का नको, याचं उत्तरही यातच मिळतं. नियम आहे म्हणून तो बंद ठेवायचाच, पण तो चालत असता तरी मी वापरला नसता. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश कपाळाजवळच्या टॉर्चसारखा सगळ्या सावल्या पुसतो, आणि छिन्नीने केलेलं काम आपल्याला सावल्यांमुळेच दिसत असतं.

जाण्यापूर्वीची तयारी

प्रत्येक संग्रहालयाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट लागतं का, मोबाइलचं लागतं का, कोणत्या दालनात मनाई आहे, हे तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. बाहेरून उसन्या आणलेल्या वस्तूंचं तात्पुरतं प्रदर्शन असेल तर तिथे फोटोला बहुधा बंदी असते. दालनात शिरल्यावर रक्षकालाही एकदा विचारा: ‘काका, इथे मोबाइलवर फोटो चालतो ना? फ्लॅश बंद केलाय.’ एवढ्याने पुढचा तासभर कोणी पाठीमागे येत नाही, आणि काका चांगले असतील तर कोणती मूर्ती कुठून छान दिसते तेही सांगतात. दिवसभर त्या खोलीत तेच असतात.

पाठीवरची सॅक शक्यतो सामानघरात ठेवा. गर्दीत आपण वळतो तेव्हा सॅकही वळते, आणि मागे दीड हजार वर्षांची मूर्ती आहे हे पाठीला दिसत नाही. सॅक घ्यावीच लागली तर पोटाशी अडकवा. कपडे गडद आणि साधे घाला. काचपेटीसमोर पांढरा शर्ट घालून उभं राहिलात तर फोटोत मूर्तीच्या जोडीला तुमचा शर्टही येतो.

मोबाइलवर फ्लॅश ‘ऑटो’वर न ठेवता पूर्ण बंद करा. शटरचा आवाज बंद करा. चेहरा गुळगुळीत करणारे फिल्टर बंद करा, कारण ते दगडालाही त्वचा समजतात. आणि लेन्स पुसा. ही फार छोटी गोष्ट वाटते, पण अंधाऱ्या दालनातल्या निम्म्या फोटोंना धुरकटपणा येतो तो लेन्सवरच्या बोटांच्या तेलामुळे. वरून येणाऱ्या झोतदिव्याभोवती धुक्यासारखं वर्तुळ दिसलं की आधी मऊ सुती रुमाल काढायचा, सेटिंग नंतर बघायचं.

कॅमेरा नेणार असाल तर एकच लेन्स न्या. गर्दीत लेन्स बदलत बसणं त्रासाचं असतं. ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स स्वस्त असते आणि अशा जागी पुष्कळ कामाला येते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं आणि उजेड जास्त). कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्ससुद्धा पुरते, फक्त आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता, थोडा जास्त चढवावा लागतो.

पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय

दालनात शिरल्यावर कॅमेरा गळ्यात राहू द्या, मोबाइल खिशात. एक फेरी नुसती मारा. प्रत्येक मूर्तीपाशी एकच गोष्ट बघायची: नाकाची सावली कुठे पडते आहे?

सावली सरळ खाली ओठांवर पडत असेल तर दिवा डोक्यावर आहे. भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतील. अशा वेळी समोरून फोटो काढण्यात अर्थ नाही. थोडं बाजूला होऊन चेहरा पाऊण कोनातून घ्या, किंवा शेजारच्या मूर्तीवरचा दिवा या चेहऱ्यावर तिरका येतो का ते बघा. सावली गालावर तिरकी पडत असेल तर तुम्ही भाग्यवान. तिथूनच सुरुवात करा. सावली दिसतच नसेल तर दिवा तुमच्या पाठीमागून येतोय. डावीकडे-उजवीकडे चार पावलं सरका. मूर्तीभोवती फिरायला जागा असेल तर एक डोळा मिटून फिरा. एका डोळ्याला खोली कमी कळते, कॅमेऱ्यालाही तसंच. एका डोळ्याने जिथे मूर्ती उठून दिसते तिथे फोटोतही ती उठून दिसेल.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या हुच्चप्पय्या गुडी या देवळातून आलेले शिल्पपट या संग्रहालयात आहेत. त्यातला भोवती ऋषी असलेला ब्रह्मदेव मुद्दाम वेळ काढून बघा. चालुक्यकाळातलं, सातव्या शतकातलं हे काम. हे पट देवळाच्या छतात होते. म्हणजे बघणारा खाली उभा, मान वर करून. छताला वरून उजेड मिळणं शक्यच नव्हतं. दारातून आत आलेला आणि फरशीवरून परतलेला उजेड त्याच्यावर खालून, मंद आणि सारखा पसरत असणार. आज तो पट उभा लावलेला आहे आणि दिवा वरून येतो. म्हणजे ज्या उजेडासाठी तो घडवला, त्याच्या जवळजवळ उलट दिशेचा उजेड आपण बघतो. याचा उपयोग फोटोत असा: वरच्या दिव्याने ब्रह्मदेवाच्या अंगावरच्या सावल्या फार गडद दिसत असतील तर त्या घरी संपादनात थोड्या उजळा. इथे सावली जपण्यापेक्षा कोरीव कामाचे बारकावे दिसू देणं मला जास्त बरोबर वाटतं. आणि सपाट पट असल्यामुळे कॅमेरा त्याच्याशी अगदी समांतर धरा, नाहीतर चौकोनाची पतंगासारखी आकृती होते.

उथळ उठावाच्या शिल्पांची गोष्ट याच्या उलट. याच संग्रहालयात असिरियन, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, राजवाड्यांतले दगडी पट आहेत. त्यांचा उठाव इतका कमी आहे की समोरून उजेड पडला तर रेषाच दिसत नाहीत. तिथे उजेड जितका घासून येईल तितका चांगला. दिवा ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन, पटाकडे थोडं तिरकं बघत फोटो घ्या. दाढीचे कुरळे केस आणि कापडाच्या झालरी एकदम स्पष्ट होतात.

शिलालेखालाही हाच नियम. पितळखोऱ्याच्या लेण्यांतला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गालभर हसणारा, बुटका, डोक्यावर परात धरलेला. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरं कोरली आहेत: ‘कण्हदासेन हिरंमकारेन कता’, म्हणजे कण्हदास सोनाराने हे घडवलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव आपल्याकडे क्वचितच हाती लागतं. समोरून सरळ काढलेल्या फोटोत हे नाव सहज निसटतं, कारण अक्षरं उथळ आहेत. दिल्लीला गेलात तर त्या हातासाठी वेगळा फोटो घ्या, उजेड अक्षरांवर तिरका पडेल अशा कोनातून.

उंची आणि अंतर

जागा ठरली की दोन गोष्टी राहतात. कॅमेरा किती उंचीवर धरायचा आणि किती लांबून.

माणसाएवढ्या मूर्तीसाठी कॅमेरा मूर्तीच्या छातीच्या उंचीवर ठेवा. मूर्ती चौथऱ्यावर असेल तर ही उंची तुमच्या डोक्याच्या वर जाईल. मग जवळ जाऊन वर बघत फोटो काढला तर पाय मोठे, डोकं लहान आणि सगळी मूर्ती मागे कललेली दिसते. उपाय एकच, मागे जायचं. जितके मागे जाल तितका कोन सौम्य होतो. उलट लहान मूर्तीसाठी गुडघे टेकून बसा. वरून काढलेल्या फोटोत देव बिचारा बुटका होतो.

परळला १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेला शिवाचा शिल्पपट अनेकांना माहीत असेल. मधल्या शिवातून वर आणि बाजूंना आणखी आकृत्या उमलत जातात, एकूण सात, आणि खाली वाद्यं वाजवणारे गण. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि प्लास्टरची प्रतिकृती या संग्रहालयाकडे. उंची सुमारे साडेतीन मीटर. एवढी आकृती उभ्या चौकटीत बसवायला फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने चार मीटर तरी मागे जावं लागतं, मोबाइलच्या मुख्य लेन्सने तीन मीटर. मागे तेवढी जागा नसेल तर पूर्ण आकृतीचा हट्ट सोडा. मोबाइलची ०.५ वाली रुंद लेन्स लावून ती चौकटीत कोंबली तर कडेच्या आकृत्या ताणल्या जातात. त्यापेक्षा खालचे गण वेगळे, मधला शिव वेगळा, वरची आकृती वेगळी, असे तीन फोटो जास्त सांगतात.

चेहऱ्याचा फोटोही थोडा लांबून घ्यायचा. हातभर अंतरावरून काढला तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात. दोन-तीन मीटरवरून झूम करून काढा.

कॅमेऱ्याचे आकडे

आता यंत्राकडे वळू. साधारण दिवे असलेल्या शिल्पदालनात पुढच्या आकड्यांपासून सुरुवात करा: एफ/४, शटर १/६० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००. इथून पुढे दालनाप्रमाणे बदल करायचे.

एफ/१.८ची लेन्स असताना एफ/४ का? कारण मूर्तीला जाडी असते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरून एफ/१.८ ठेवलं तर जेमतेम १७ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. चेहरा कसाबसा बसतो, पण पुढे आलेला हात आणि मागचा मुकुट धूसर होतात. एफ/४ला हाच पट्टा ३८ सेंटिमीटरच्या आसपास जातो. बहुभुज देवतेला तेवढा हवाच. एफ/१.८ फक्त एखाद्या बारकाव्यासाठी ठेवा. बोटांतलं कमळ स्पष्ट आणि मागचं सगळं विरघळलेलं, असं हवं असेल तेव्हा. फोकस कायम डोळ्यांवर. डोळे झिजले असतील तर ओठांवर.

शटरचा जुना ठोकताळा असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तितकावा भाग. ५० मिलिमीटरला १/५०. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दीडपट धरा, म्हणजे १/८०. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात थरथर कमी करण्याची सोय असेल तर १/१५ पर्यंतही हात टिकतो, कारण मूर्ती तर हलत नाही. मूर्ती हलत नाही हा आपल्याला मिळालेला सगळ्यात मोठा फायदा आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला तो मिळत नाही.

हात टिकवायच्या काही रीती. कोपरं बरगड्यांना घट्ट लावा. भिंतीला किंवा मोकळ्या खांबाला पाठ टेका. चौथऱ्याला, काचपेटीला किंवा मूर्ती बसवलेल्या खांबाला कधीही नाही. श्वास सोडा, आणि सोडून झाल्यावर दाबा. एका फोटोऐवजी सलग चार-पाच घ्या. बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो, त्यामुळे बहुधा मधला फोटो सगळ्यात स्पष्ट निघतो. ट्रायपॉड चालत नाही तिथे दोरीही कामाला येते: कॅमेऱ्याच्या तळाच्या भोकात बसणारा पाव इंची बोल्ट, त्याला माणसाच्या उंचीची मजबूत दोरी, दोरीचं टोक पायाखाली, आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणलेली. वरखाली होणारी थरथर बरीच कमी होते. अर्थात हेही रक्षकाला दाखवून, विचारून.

एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे दिसले तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि ‘सायलेंट’ म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. पट्टे जातात.

उजेड मोजताना कॅमेरा फसतो, आणि दगड बदलला की फसण्याची दिशाही बदलते. काळ्या बसाल्टची मूर्ती चौकट भरून असेल तर कॅमेरा तिला राखाडी करायला बघतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पायरी खाली आणा (एक पायरी खाली म्हणजे उजेड निम्मा). पांढरा संगमरवर किंवा प्लास्टर असेल तर तेवढंच वर न्या. पण दालनात जास्त वेळा वेगळंच घडतं. मूर्ती झोतात आणि मागची भिंत काळोखात. कॅमेरा काळोख बघून सगळंच उजळवतो, आणि कपाळ, खांदा, गुडघा पांढरेफटक होतात. तो तपशील मग घरी कितीही प्रयत्न केला तरी परत येत नाही. म्हणून फोटो काढल्यावर स्क्रीन मोठी करून आधी कपाळ बघा. तिथे दगडाची खडबड दिसत असेल तर बाकीचं सांभाळता येतं.

मोबाइलवाल्यांसाठी

मोबाइलवर कपाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे अडकतील. मग शेजारच्या सूर्याच्या खुणेवरून बोट खाली ओढा, कपाळ भरीव दिसेपर्यंत.

झूमची एक परीक्षा घेऊन ठेवा. दालनात झूमचं बटण दाबा आणि मोबाइलच्या पाठीवरच्या टेलिफोटो (दूरचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही, तर मोबाइलने ती लेन्स वापरलीच नाही. अंधार बघून तो मुख्य लेन्सचं चित्र कापून मोठं करून दाखवतोय. पुष्कळ फोन हे न सांगता करतात. तुमचा तसा असेल तर मंद दालनात दुपटीच्या पुढे झूम करू नका.

नाइट मोड एक ते तीन सेकंदांत अनेक फोटो घेऊन जोडतो. मूर्तीसाठी तो उत्तम, पण पाठीमागून जाणाऱ्या माणसांची भुतं होतात, आणि काही फोन दगडावरचे छिन्नीचे घाव ‘स्वच्छ’ करून टाकतात. दोन्ही तऱ्हेने काढा, नाइट मोडने आणि त्याच्याविना. रॉ, म्हणजे मोबाइलने संस्कार न केलेल्या, फोटोची सोय असेल तर महत्त्वाच्या मूर्तींसाठी ती वापरा.

गर्दी

रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा, एवढं सगळेच सांगतात. त्यापुढचं असं: तळमजल्यावरचं दालन सकाळी उघडल्या उघडल्या भरतं, कारण सगळे क्रमाने वर चढत जातात. तुम्ही आधी वरचे मजले करा आणि शिल्पांकडे उशिरा या. हिवाळ्यात शाळांच्या सहलींचा मोसम असतो. पण सहल लाटेसारखी येते आणि जाते, शिक्षक मुलांना एका मूर्तीपाशी फार वेळ थांबू देत नाहीत. तुमची जागा धरून बाजूला उभे राहा. लाट ओसरली की पुढची येईपर्यंत मोकळी मिनिटं मिळतात, आणि जागा, उंची, आकडे आधीच ठरलेले असतील तर ती पुरतात. पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय मारायची ती याचसाठी.

गर्दी नेहमी समोर जमते. पाटी समोर असते, सेल्फी समोरून निघतो, मार्गदर्शकही समोरच उभा राहून बोलतो. बाजू रिकाम्या असतात. आणि चांगला उजेड बहुतेक वेळा बाजूनेच दिसतो, हे आपण पाहिलंच. पॅरिसमध्ये राहणाऱ्या-फिरणाऱ्या मराठी मंडळींनीही लूव्र संग्रहालयात हे करून बघावं. तिथेही फ्लॅश आणि ट्रायपॉड बंद आहेत, व्हीनस डी मायलो या प्राचीन ग्रीक पुतळ्यासमोर मोबाइलांची भिंत असते, आणि तिच्या पाठीच्या बाजूला चार माणसंही नसतात. पाठ संगमरवरातली, आणि तीही बघण्यासारखी.

माणसं टाळता येत नसतील तर तीन मार्ग आहेत. चौकट गुडघ्यांच्या वर कापा, म्हणजे समोरची डोकी सुटतात. किंवा दोन पावलं सरकून मागच्या माणसांना मूर्तीच्याच आड आणा. तिसरा मार्ग थोडा वेळखाऊ आहे. एकाच जागेवरून, हात शक्य तितका स्थिर ठेवून दहा-पंधरा फोटो घ्या, मध्ये काही सेकंद सोडून. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एकमेकांवर बसवून ‘मीडियन’ निवडलं की येणारी-जाणारी माणसं गायब होतात. अट एवढीच की मूर्तीचा प्रत्येक भाग निम्म्यापेक्षा जास्त फोटोंत मोकळा दिसला पाहिजे. बराच वेळ समोर ठाण मांडून बसलेला माणूस याने जात नाही.

कधी कधी माणूस चौकटीत हवाच असतो, कारण त्याशिवाय मूर्ती किती मोठी आहे ते कळत नाही. पाठमोरी व्यक्ती घ्या. अनोळखी मुलांचे चेहरे घेऊ नका.

आणि जागा अडवून ठेवू नका. तीन-चार फोटो झाले की बाजूला व्हा, पुन्हा रांगेत या. एखादे आजोबा नातीला महिषासुराची गोष्ट सांगत असतील तर गोष्ट पूर्ण होऊ द्या. मूर्ती त्यांच्यासाठीही मांडलेली आहे.

काच आणि धातू

लहान मूर्ती काचेआड असतात. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातली, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती अशीच इवलीशी आहे. काचेवर दिसणारं प्रतिबिंब कुठल्या दिव्याचं किंवा खिडकीचं आहे ते आधी ओळखा आणि आपल्या अंगाने किंवा मित्राच्या गडद जाकिटाने ते अडवा. काचेच्या जितकं जवळ जाल तितकं प्रतिबिंब कमी, पण काचेला टेकू नका. पोलरायझर फिल्टर तिरक्या कोनातून बघतानाच काम करतो, अगदी समोरून नाही, आणि तो दीड-दोन पायऱ्या उजेड खातो. मंद दालनात हा सौदा मला परवडत नाही.

धातूवर चमक येते ती एका ठिपक्यात. वीतभर डोकं सरकवलं की तो ठिपका नाकावरून गालावर जातो. खांद्याच्या कडेवर चमक आली की मूर्तीचा आकार उठतो, डोळ्यात आली की चेहरा बिघडतो.

रंग

खिडकीतला दिवसाचा उजेड आणि पिवळा दिवा एकाच मूर्तीवर पडले तर एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी येते. कुठलंही एक व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणारी सेटिंग, हे दुरुस्त करू शकत नाही. अशा वेळी एकाच उजेडाचं राज्य असेल अशी बाजू निवडा, किंवा तो फोटो कृष्णधवल करा. दगडाला ते शोभतं.

रंग महत्त्वाचा असेल तिथे मात्र जपा. सिंधमधल्या मीरपूर खास इथे हेन्री कझिन्स यांनी १९०९-१०मध्ये एक स्तूप उत्खनन केला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून तिथल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती मुंबईला आल्या. मातीचा तांबूसपणा हाच त्यांचा जीव. ऑटो व्हाइट बॅलन्स तो पिवळ्या दिव्याचा दोष समजून धुऊन टाकतं. उपाय सोपा आहे. मूर्तीजवळ, त्याच उजेडात पांढऱ्या कागदाचा एक फोटो घ्या आणि घरी त्यावरून रंग जुळवा.

नोंद आणि घरचं काम

प्रत्येक मूर्तीच्या फोटोंआधी तिच्या पाटीचा फोटो घ्या. नंतर घेऊ म्हटलं की राहतं, आणि आठवड्याने तीन सारख्या विष्णूंमधला कोणता कुठला हे सांगता येत नाही. एका मूर्तीचा संच असा ठेवा: पाटी, पूर्ण मूर्ती, पाऊण कोन, चेहरा, हातातली आयुधं, आणि झीज किंवा छिन्नीची खूण दिसणारा एक अगदी जवळचा फोटो.

घरी आधी उभ्या रेषा सरळ करा, मग रंग, मग उजेड. आयएसओ ३२००चे दाणे दिसले तर थोडे राहू द्या. नॉइज कमी करण्याचा खटका जोरात ओढला की दगडाचा पोत जातो आणि मूर्ती साबणाची दिसते. मागची भिंत थोडी आणखी काळी केली तर चालतं. मूर्तीचं तुटलेलं नाक जोडून देणारी साधनं वापरू नका.

फायलींना पाटीवरून नाव द्या: देवता, ठिकाण, शतक, संग्रहालय, तारीख. फोटो पुस्तकात, दिनदर्शिकेवर किंवा विक्रीसाठी वापरायचा असेल तर कॅमेऱ्याचं तिकीट पुरत नाही, संग्रहालयाकडे लेखी परवानगी मागावी लागते. अर्जात नेमकी कोणती मूर्ती हे सांगावं लागणार, म्हणून पाटीच्या फोटोत नोंद क्रमांक वाचता येतो आहे ना, हे दालनातून बाहेर पडण्याआधीच बघून घ्या.